औषध देऊन थॅलियम टेस्ट करायची असेल तर आधी चहाचं बघा

माझे गुडघे गेलेत, त्यामुळे डॉक्टरांनी मला ट्रेडमिलच्या पट्ट्यावर पळवलं नाही. म्हणाले, "काका, तुमच्या हृदयावरचा ताण आपण इंजेक्शननं बघू." नाशिकमध्ये आम्ही सगळे याला थॅलियम टेस्टच म्हणतो, जरी आता फोटोत रक्तपुरवठा दिसावा म्हणून टोचायचं किरणोत्सर्गी द्रव्य बहुतेक ठिकाणी थॅलियम नसून टेक्नेशियम असतं.

मी एसटीचा निवृत्त ड्रायव्हर. पट्टा म्हणजे भरलेली गाडी कसारा घाटात चढवून बघणं. ताणाच्या इंजेक्शनचं, म्हणजे अ‍ॅडेनोसिन किंवा रेगाडेनोसनचं, तसं नाही. ते हृदयाच्या रक्तवाहिन्या रुंद करतं. चांगली नळी फुलते, चोंदलेली फुलत नाही, आणि जिथं रक्त कमी पोचतं तो भाग फोटोत फिका दिसतो.

कॅफीन नेमकी याच औषधाची जागा अडवून बसतं. मग नळ्या फुलत नाहीत आणि ब्लॉकेज असूनही रिपोर्ट चांगला येऊ शकतो. म्हणून चहा, कॉफी, कोला, चॉकलेट किमान 12 तास बंद. बरेच जण 24 तास सांगतात. डिकॅफ कॉफीसुद्धा नको.

माझी पहिली तारीख यातच गेली. चहा मी इमानानं सोडला होता, सीबीएस बसस्टँडच्या टपऱ्यांकडं मानसुद्धा वळवली नाही. पण चहाविना रात्री डोकं ठणकायला लागलं आणि हिनं तिच्या डब्यातली डोकेदुखीची गोळी दिली. सकाळी सिस्टरनी पाकीट वाचलं. त्यात कॅफीन! टेक्नेशियम 6 तासांत निम्मं होतं, माझ्यासाठी मागवलेला डोस उद्यावर ठेवता येत नाही. तेव्हा कुठलीही गोळी घेण्याआधी सेंटरला फोन करा.

दमा असेल तर तारीख घेतानाच सांगा. अशांना बहुधा डोब्युटामिन हे दुसरं औषध देतात. दम्यावरच्या थिओफिलिनच्या गोळ्याही या औषधाला आडव्या येतात, पण त्या किंवा बीपी-शुगरच्या गोळ्या मनानं बंद करू नका, डॉक्टरांना विचारा. जुना ईसीजी आणि गोळ्यांची यादी बरोबर न्या.

रेगाडेनोसन एका झटक्यात देतात. माझं अ‍ॅडेनोसिन होतं, पंपावर, काही मिनिटं. तोंड तापलं, छाती आवळली, सुटलेल्या गाडीमागं पळाल्यासारखा श्वास लागला. घाबरू नका, पण गप्पही बसू नका, जे होतंय ते बोला. पंप बंद झाला तसं मिनिटभरात ओसरलं. नंतर हात डोक्यावर घेऊन कॅमेऱ्याखाली पडायचं असतं. खांदा आखडलेला असेल तर आधी सांगा, हललात तर फोटो पुन्हा.

आमचे आरामाचे, म्हणजे ताण न देता काढायचे, फोटो सकाळीच झाले होते. उठल्यावर भीतभीतच विचारलं, "आता चहा?"

सिस्टर हसल्या. "घ्या की. उलट डोकं दुखत असेल तर उतरेल."