हे कोण बोलतंय? केवलानंद सरस्वतींच्या वाटेने भाष्याकडे जाणाऱ्यांसाठी

गेल्या वर्षभरात तिघांनी मला साधारण एकच प्रश्न विचारला. वाईच्या केवलानंद सरस्वतींवर, म्हणजे मीमांसाकोश करणाऱ्या संन्यासी पंडितांवर, काम करायचं आहे, सुरुवात कुठून करू? तिघांनाही मी फोनवर तुटक उत्तरं दिली आणि नंतर मलाच वाईट वाटलं, कारण सहा वर्षांपूर्वी मला अशीच तुटक उत्तरं मिळाली होती. म्हणून एकदा बसून लिहिते. प्रस्थानत्रयी म्हणजे काय, अद्वैत कशाला म्हणतात, हे तुम्हाला ठाऊक आहे असं धरून चालते. ते नसेल तर आधी ते करा, मग या.

चरित्राचा भाग पटकन उरकते, कारण तिथे अडण्यासारखं फारसं काही नाही. जन्म १८७७चा, आताच्या रायगड जिल्ह्यातला. पूर्वाश्रमीचं नाव नारायण सदाशिव मराठे. वाईला प्रज्ञानंद सरस्वतींकडे शिकले आणि पुढे गुरूंच्याच नावावरून ओळखली जाणारी प्राज्ञपाठशाळा त्यांनी उभी केली. संन्यास १९३१ साली, देहावसान १९५५ साली. आता यातली कामाची गोष्ट ऐका: १९३१ आधीचा माणूस तुम्हाला ‘नारायणशास्त्री मराठे’ या नावाखाली सापडेल आणि नंतरचा ‘केवलानंद’ या नावाखाली. ग्रंथालयात दोन्ही नावं शोधा. मी पहिले चार महिने एकच नाव शोधत होते आणि सामग्री नाही म्हणून रडत होते. शिवाय परमहंस योगानंदांना संस्कृत शिकवणारे बंगालमधले स्वामीही केवलानंदच. त्यांच्या आठवणी वाईच्या माणसाला चिकटवलेल्या मी स्वतः वाचल्या आहेत, त्याही तळटिपेसकट.

नवख्यांची पहिली निराशा कुठे होते तेही सांगून टाकते. संन्यासी म्हटला की आपण त्याची वचनं शोधायला लागतो. भिंतीवर लावता येतील, स्टेटसला टाकता येतील अशी. इथे ती मिळणार नाहीत. या माणसाने आयुष्य घालवलं कोश आणि विषयसूची करण्यात. मीमांसाकोशाचे सात भाग आहेत. पहिला १९५२ साली आला, शेवटचा १९६६ साली, म्हणजे बरेच भाग त्यांच्या पश्चात. पूर्वमीमांसेतले, म्हणजे वेदातल्या कर्मकांडाचा अर्थ लावणाऱ्या शास्त्रातले, शब्द, न्याय (अर्थ लावायचे नियम), अधिकरणं (एकेका वादाची प्रकरणं), कोणती गोष्ट कुठे आली आहे, याची अकारविल्हे मांडणी, तीही संस्कृतात. मी पहिल्यांदा एक भाग उघडला तेव्हा मनात आलं, यात ‘शिकवण’ कुठे आहे? माझ्या प्रबंधिकेच्या गाइडनाही तेच वाटत असावं. ते म्हणाले, ‘कोशावर काय लिहिणार तुम्ही, त्यांच्या अद्वैत विचारावर लिहा.’ गाइडबद्दल माझं मत विचारलंत तर, जो तुमचं प्रकरण परत करताना समासात एकही खूण करत नाही त्याच्यापासून सावध राहा. ‘छान आहे, पुढे चला’ हे वाक्य मला दीड वर्षाला पडलं.

पाठशाळेचं शिकवणं कसं होतं याचा अंदाज विद्यार्थ्यांवरून येतो. विनोबा १९१७ मध्ये गांधीजींच्या आश्रमातून वर्षभराची रजा घेऊन वाईला आले होते. उपनिषदं, गीता, ब्रह्मसूत्रं शांकरभाष्यासह, मनुस्मृती, पातंजल योगदर्शन एवढं त्यांनी त्या काळात वाचलं. हे वाचून मला आधी न्यूनगंड आला, मग कळलं की घरून बरंच तयार होऊन आलेला तो माणूस आहे, आपली त्याची बरोबरी कशाला. पिंपळनेरहून पोरवयात आलेले लक्ष्मणशास्त्री जोशी मात्र तिथेच घडले, १९२३ साली कलकत्त्याची तर्कतीर्थ पदवी घेतली आणि पुढे मराठी विश्वकोशाचे प्रमुख संपादक झाले. गुरूने कोश केला, शिष्यानेही कोशच केला. हे मला फार आवडतं.

आता मी जिथे तोंडावर आपटले तिथे येऊ. हे जरा लांबेल.

गाइडच्या सल्ल्याप्रमाणे मी ‘अद्वैत विचार’ पकडला आणि त्यासाठी ब्रह्मसूत्र शांकरभाष्यातली (ब्रह्मसूत्रांवरच्या शंकराचार्यांच्या भाष्यातली) चतुःसूत्री, म्हणजे पहिली चार सूत्रं, वाचायला घेतली. संस्कृत माझं बरं होतं. सोबत क्लासच्या नोट्स होत्या. त्यात एक तक्ता होता, फार लाडका: ‘ननु’ आलं की पूर्वपक्ष (विरोधकाची बाजू) सुरू, ‘इति चेत्, न’ आलं की पूर्वपक्ष संपला, ‘अत्रोच्यते’ आलं की सिद्धांत (ग्रंथकाराचं स्वतःचं मत). पाठ करायला सोपा. मी तो वहीच्या पहिल्या पानावर चिकटवला होता.

चौथं सूत्र ‘तत्तु समन्वयात्’. सुरुवात तक्त्याबरहुकूम होते. मीमांसक म्हणतो, वेदाचं काम कर्म सांगणं, म्हणून जे कर्मपर नाही ते निरर्थक. त्याला तो मीमांसासूत्रकार जैमिनीचं सूत्रच आधाराला देतो. मग वेदान्तवाक्यांचं, म्हणजे ब्रह्म सांगणाऱ्या उपनिषदांतल्या वाक्यांचं, काय? एक तर ती निरर्थक, नाहीतर कर्माचा कर्ता वगैरे सांगून कर्मविधीचं शेपूट झालेली, किंवा उपासनेसाठी. त्यावर आचार्य, म्हणजे शंकराचार्य, सांगतात की ‘तु’ हा शब्द पूर्वपक्ष बाजूला सारण्यासाठी आहे, आणि वेदान्तवाक्यांचा समन्वय ब्रह्मातच आहे. इथवर मी खूश होते.

पण गोष्ट संपत नाही. लगेच पुढे येतं: ‘अत्रापरे प्रत्यवतिष्ठन्ते’. मी याचा अर्थ घेतला, दुसरे आचार्यही इथे पाय रोवून उभे आहेत, म्हणजे दुजोरा देतात. चूक. प्रत्यवस्थान म्हणजे विरोधात उभं ठाकणं. हा दुसरा पूर्वपक्षी आहे आणि पहिल्यापेक्षा कितीतरी हुशार आहे, कारण तो अर्धं मान्य करून बोलतो. ब्रह्म शास्त्रानेच कळतं, कबूल. पण शास्त्र ते नुसतं सांगत नाही, ‘जाण’ अशा विधीचा, म्हणजे आज्ञेचा, विषय म्हणून सांगतं. जसे यूप (यज्ञात पशू बांधायचा खांब) आणि आहवनीय (यज्ञातला अग्नी) लौकिक नसले तरी विधीचं अंग म्हणून शास्त्र त्यांची ओळख करून देतं, तसंच.

आणि मग खरी गंमत. त्याच्याच बोलण्याच्या मध्यात ‘ननु’ येतं. ननु, ‘ही दोरी आहे, साप नाही’ एवढं नुसतं सांगितलं तरी भीती जातेच की. तसंच आत्मा असंसारी आहे एवढं सांगून भ्रम जाईल, विधी कशाला? यावर उत्तर येतं: गेला असता, पण जात नाही. ब्रह्म ऐकलेल्या माणसालाही पूर्वीसारखीच सुखदुःखं होताना दिसतात. शिवाय श्रुतीने श्रवणानंतर मनन (विचार), निदिध्यासन (ध्यान) सांगितलं आहेच.

माझा तक्ता काय म्हणतो? ‘ननु’ म्हणजे पूर्वपक्ष. म्हणजे दोरी-साप पूर्वपक्ष आणि ‘ऐकून काही होत नाही, विधी हवा’ हे शंकराचार्यांचं मत. मी तसं लिहिलं. वर मला ते पटतही होतं! ऐकलेल्याला दुःख होतंच ना? मलाही होत होतं. इतकं समंजस वाक्य आचार्यांचंच असणार.

प्रत्यक्षात तो ‘ननु’ पूर्वपक्षाच्या पोटातला आहे. पूर्वपक्षी स्वतःवर येणारी शंका स्वतःच काढतो आणि स्वतःच फेडतो. म्हणजे तिथे ‘ननु’मागचा आवाज सिद्धान्त्याच्या बाजूचा आणि फेडणारा आवाज विरोधकाचा. आचार्य बोलायला लागतात ते त्यानंतर, ‘अत्राभिधीयते, न’ इथून. कर्माचं फळ आणि ब्रह्मविद्येचं फळ एका जातीचं नाही, हा त्यांचा मुद्दा. मोक्ष उत्पन्न करायचा नसतो, विकाराने घडवायचा नसतो, कुठून मिळवायचा नसतो, संस्काराने सुधारायचा नसतो. या चारांत बसला असता तरच क्रियेला वाव. आणि ‘ऐकलेलाही संसारीच दिसतो’ याला उत्तर बरंच खाली आहे: ज्याला खरोखर कळलं तो पूर्वीसारखा संसारी असल्याचं दाखवताच येत नाही. धनाचा अभिमान असलेल्या गृहस्थाला चोरी झाल्याचं दुःख होतं. तोच माणूस संन्यास घेऊन तो अभिमान सोडून बसला तर तेच दुःख होत नाही. मनन-निदिध्यासनसुद्धा श्रवणासारखंच कळण्यासाठी आहे. मी तिथवर पोचलेच नव्हते. मधेच ‘मुद्दा मिळाला’ म्हणून पुस्तक मिटलं होतं.

एका चर्चासत्रात हे मी वाचून दाखवलं. वीसेक माणसं होती. मागच्या रांगेतले एक वृद्ध शास्त्री शांतपणे म्हणाले, ‘बाई, हे कोण बोलतंय?’ मी म्हटलं, शंकराचार्य. ते म्हणाले, ‘पुन्हा बघा.’ बस्स. त्यांनी पुढे काही समजावलं नाही आणि अध्यक्षांनी आभार मानून घेतले. रात्री मी ‘प्रत्यवतिष्ठन्ते’ संस्कृत शब्दकोशात पाहिलं आणि गादीवर पालथी पडून राहिले. प्रबंधिकेतलं अख्खं तिसरं प्रकरण गेलं होतं.

तर तुम्हाला बजावून सांगते: खुणेच्या शब्दांच्या तक्त्यावर विसंबू नका. ‘ननु’ एवढंच सांगतो की बाजू बदलली. कोणाकडून कोणाकडे, हे मागून मोजत यावं लागतं. छापलेल्या भाष्यात नाटकासारखी पात्रांची नावं नसतात, आणि पूर्वपक्षी कच्चा ठेवायची आपल्याकडे रीत नाही. त्याला त्याचं पूर्ण बळ देऊनच बोलू देतात, पानभर बोलू देतात. त्यामुळे भाष्यातलं एखादं वाक्य उचलून ‘शंकराचार्य म्हणतात’ असं लिहिणारी ‘सार’ पुस्तकं आणि दहा मिनिटांचे व्हिडिओ मी आता बघतच नाही. हा माझा दुराग्रह असेल. असू दे.

मग करायचं काय? इथेच मला वाईच्या कोशाची किंमत कळली, उशिरा. अधिकरणाची चौकट मीमांसकांची: विषय, संशय, पूर्वपक्ष, उत्तर, संगती. वेदान्ती तीच वापरतात. ज्याने मीमांसा वाचली नाही त्याला भाष्यातला वाद ऐकूच येत नाही, नुसती वाक्यं दिसतात. यूप कशाला म्हणतात, विधिशेष (विधीला जोडलेलं, त्याचंच अंग) म्हणजे काय, हे ज्याला ठाऊक त्याला तो दुसरा पूर्वपक्षी चार शब्दांत ओळखू येतो. तो मीमांसेच्या घरातली भांडी घेऊन आला आहे. अद्वैत शिकवणारा संन्यासी आयुष्यभर कर्मकांडाच्या शास्त्राची सूची का करत बसला, हा माझा भाबडा प्रश्न तिथे सुटला. रूढींचा शास्त्राच्या आधाराने विचार करणाऱ्या धर्मनिर्णय मंडळाच्या कामातही केवलानंद होते, रूढीत बदल व्हावा या बाजूने. तिथेही वचनांचेच वाद होते, आणि वचन कुठल्या प्रकरणात, कशाच्या ओघात आलं, हे न बघणाऱ्याला असल्या वादात उभंही राहता येत नाही.

म्हणून आधी लौगाक्षी भास्कराचा अर्थसंग्रह, मीमांसेची ओळख करून देणारा ग्रंथ, वाचा. लहान आहे, सहा महिन्यांत होतो. मला नऊ लागले. कोणाकडे तरी बसून वाचा, एकट्याने नको. मग चौथं सूत्र एकटंच घ्या आणि पेन्सिलीने समासात ‘पू’, ‘सि’ लिहीत चला, पोटातल्या शंकेला ‘पू’च्या आत कंस करून. अडलं की भामती किंवा रत्नप्रभा या शांकरभाष्यावरच्या टीका बघा. टीकाकार बहुतेक वेळा कोण बोलतंय ते सांगून टाकतात. भाषांतर आधी बघू नका. भाषांतरकाराने ‘कोणी म्हणेल’ हे दोन शब्द गाळले की तुम्ही गेलात. आणि काहीही लिहायच्या आधी अधिकरण शेवटपर्यंत वाचा. शेवटपर्यंत. कंटाळा आला तरी.

घाबरवायचा हेतू नाही. खरं सांगते, ही चूक करणारे पुष्कळ आहेत, फक्त त्यांना मागच्या रांगेत कोणी भेटत नाही. संस्कृत मोडकंतोडकं असलं तरी चालतं. माझ्या ओळखीच्या एका निवृत्त बँकवाल्यांना लङ् लकार (भूतकाळाची रूपं) अजून नीट येत नाही, पण बाजू ते माझ्याआधी ओळखतात. आयुष्यभर कर्ज मागणाऱ्यांची बोलणी ऐकली म्हणतात. वयाचीही चिंता करू नका. मार्गदर्शक मिळत नसेल तर वाचणारे दोघं जण शोधा, एकाने पूर्वपक्षाची वाक्यं मोठ्याने वाचायची, दुसऱ्याने सिद्धान्ताची. आवाज बदलला की चूक लगेच कानाला खटकते. आम्ही आता दर रविवारी तसंच वाचतो.

प्रबंधिका मी वर्षभर उशिरा दिली. तिसरं प्रकरण कोशावर लिहिलं. माझ्या प्रतीत चौथ्या सूत्राची पानं खोडरबराने विरली आहेत. शेवटाकडे एके ठिकाणी ‘सि’ लिहून पुढे प्रश्नचिन्ह केलेलं आहे, ते अजून तसंच आहे. येत्या रविवारी तिथवर पोचू.