व्हिडिओ अपस्केलिंगचं बटण बनवताय? मी जिथे अडकलो ते आधी वाचा

ब्राउझरमध्ये व्हिडिओ अपस्केल करणारं, म्हणजे कमी पिक्सेलचा व्हिडिओ जास्त पिक्सेलचा करून दाखवणारं एक्स्टेन्शन बनवायचंय, शिकायला कुठून सुरुवात करू, असं बरेच जण विचारतात म्हणून एकदाच सगळं लिहून काढतोय. शेडर (ग्राफिक्स कार्डवर चालणारा छोटा प्रोग्रॅम) काय असतो, व्हिडिओची फ्रेम कॅनव्हासवर (पानावरची चित्र काढायची जागा) कशी आणतात एवढं तुम्हाला येतं असं धरतो.

पहिल्यांदा हे डोक्यात पक्कं करा की अल्गोरिदम हा यातला अवघड भाग नाहीये. एएमडीचा ‘एफएसआर १’ हा अपस्केलिंगचा अल्गोरिदम २०२१ पासून एमआयटी लायसन्सखाली (कोणीही वापरू शकतो असं) खुला आहे, कार्टूनसाठी बनलेल्या अ‍ॅनिमे४केचे शेडरही खुले आहेत. अवघड आहे ते वापरणाऱ्याच्या हातात कंट्रोल देणं. एनव्हिडियाचं सुपर रिझोल्यूशन, तेही व्हिडिओ अपस्केल करणारंच, २०२३ मध्ये क्रोम आणि एजसाठी आलं तेव्हा त्याचा स्विच होता ड्रायव्हरच्या कंट्रोल पॅनेलमध्ये, आता चालू व्हिडिओ सोडून तिथपर्यंत कोण जाणार सांगा. व्हिडिओवरच एक बटण हवं, या एका विचाराने मी या कामात पडलो.

आणि तिथेच सपशेल आपटलो.

झालं असं की मी बटण केलं, स्लायडर केले, माझ्या १९२० बाय १०८० च्या मॉनिटरवर ७२०चा (म्हणजे १२८० बाय ७२० पिक्सेलचा) व्हिडिओ फुलस्क्रीन केला की मस्त धारदार दिसायचा. मग वापरणाऱ्यांपैकी एकाने लिहिलं, ऑन-ऑफ केलं तरी काही फरक नाही. दुसऱ्याने लिहिलं की १०८०चा व्हिडिओ ऑन केल्यावर उलट खराब होतो. मला वाटलं यांचं ग्राफिक्स कार्ड जुनं असेल, आणि मी कित्येक आठवडे शेडरच बदलत बसलो. अजूनही ते आठवडे आठवले की वाईट वाटतं, कारण ती माणसं बरोबर होती आणि मी त्यांना ड्रायव्हर अपडेट करा म्हणून उत्तरं देत होतो.

चूक होती कॅनव्हासच्या साइजमध्ये. नीट वाचा, कारण तुम्हीही हेच करणार आहात. कॅनव्हासला दोन साइज असतात, एक सीएसएसमधली म्हणजे पानावर किती जागा घेतो ती, आणि दुसरी आतल्या खऱ्या पिक्सेलची. मी दोन्ही सारख्या ठेवल्या होत्या. आता ज्याच्या लॅपटॉपचा डिव्हाइस पिक्सेल रेशो (सीएसएसच्या एका पिक्सेलच्या रुंदीत स्क्रीनचे किती खरे पिक्सेल बसतात तो आकडा) २ आहे त्याच्याकडे १२८० बाय ७२० ची सीएसएस जागा म्हणजे स्क्रीनवर २५६० बाय १४४० पिक्सेल, म्हणजे चौपट. माझा शेडर ७२०च्या व्हिडिओतून ७२०चंच चित्र काढायचा, म्हणजे अपस्केल शून्य, आणि मग ब्राउझर ते चित्र साध्या पद्धतीने ताणून चौपट करायचा. १०८०चा व्हिडिओ असला तर मी आधी त्याला ७२०वर खाली आणायचो आणि मग ब्राउझर पुन्हा ताणायचा, खराब दिसणारच ना! माझ्या मॉनिटरचा रेशो १ होता म्हणून मला कधी दिसलंच नाही, आणि वर शार्पनिंग चालू असल्यामुळे काहीतरी झाल्यासारखं वाटायचं.

तर आतली साइज नेहमी सीएसएस साइज गुणिले रेशो. आणि हे एकदा करून भागत नाही, ब्राउझरचं झूम १२५ टक्के केलं तरी रेशो बदलतो, विंडो दुसऱ्या मॉनिटरवर ओढली तरी बदलू शकतो. शिवाय नेट मंदावलं की प्लेअर मध्येच व्हिडिओचं रिझोल्यूशन उतरवतो, त्यासाठी व्हिडिओचा रिसाइझ इव्हेंट ऐका. तपासायला सोपी युक्ती, कॅनव्हासवर एकेक पिक्सेल रुंदीच्या काळ्या-पांढऱ्या उभ्या रेघा काढा. त्या करड्या किंवा लाटांसारख्या दिसल्या तर ब्राउझर तुमचं चित्र पुन्हा ताणतोय किंवा दाबतोय.

घाबरू नका, हे एकदा कळलं की बाकीचं सोपं आहे. दुसऱ्या डोमेनवरचा व्हिडिओ असेल आणि सर्व्हरने परवानगी दिली नसेल तर वेबजीएल (ब्राउझरमध्ये शेडर चालवणारी सोय) फ्रेम घेऊच देत नाही. डीआरएमवाल्या, म्हणजे कॉपी होऊ नये म्हणून कुलूप लावलेल्या व्हिडिओच्या फ्रेम तर मिळतच नाहीत, हातात काळी चौकट येते. तिथे पळवाटा शोधत बसू नका, बटण करडं करा आणि का चालत नाही ते एका ओळीत लिहा. फुलस्क्रीनमध्ये साइटने नुसता व्हिडिओ मोठा केला तर तुमचा कॅनव्हास मागे राहतो, त्याचीही सोय बघा. स्लायडर हलवताना प्रत्येक हालचालीला सिंक स्टोरेजमध्ये (एक्स्टेन्शनच्या सेटिंग जिथे साठतात तिथे) लिहू नका, क्रोममध्ये मिनिटाला १२० वेळाच लिहिता येतं, नंतरचं लिखाण फेल होतं आणि माणसाची सेटिंग जाते. बोट सुटल्यावर लिहा.

आता माझं मत. मेंटॉर शोधण्यात महिने घालवू नका, त्यापेक्षा तुमच्याहून वेगळी स्क्रीन आणि साधा लॅपटॉप असलेली दोन माणसं धरा आणि ती बटण दाबताना शेजारी गप्प बसा. सेकंदाला ३० फ्रेमच्या व्हिडिओला एका फ्रेममागे जेमतेम ३३ मिलिसेकंद मिळतात, तुमच्या दणकट मशीनवर ते कधीच जाणवणार नाही. दुसऱ्याचा शेडर न बघता कॉपी-पेस्ट करायचा शॉर्टकट मला मुळीच पटत नाही, अ‍ॅनिमे४के कार्टूनच्या रेघांसाठी बनलंय आणि लोक तेच खऱ्या माणसांच्या व्हिडिओला लावतात, मग चेहरे मेणाचे वाटतात.

माझ्या पॅनेलमध्ये आधी ११ स्लायडर होते. आता ऑन-ऑफ, कमी-मध्यम-जास्त, आणि दाबून धरलं की मूळ व्हिडिओ दाखवणारं बटण, एवढंच आहे. खाली बारीक अक्षरात मूळ साइज किती आणि स्क्रीनवर किती पिक्सेल जातायत ते दिसतं. ती ओळ पहिल्या दिवशी असती तर त्या दोघांनी मला चूक काय आहे ते आकड्यांत सांगितलं असतं.