कॅमेरा ट्रॅप लावायला निघण्याआधी कार्डांची तयारी

पाऊस ओसरला, गवत पिवळं पडायला लागलं की कॅमेरा ट्रॅप, म्हणजे प्राणी समोरून गेला की आपोआप फोटो काढणारे कॅमेरे, जंगलात झाडांना लावायची घाई सुरू होते. पट्टे, कोयता, पाणी, वनखात्याचं लेखी परवानगीपत्र, बीटच्या वनरक्षकाला आदल्या दिवशी फोन. हे सगळ्यांना पाठ असतं, त्यावर वेळ घालवत नाही. ही यादी फक्त मेमरी कार्डांची आणि ती लॅपटॉपला जोडून वाचणाऱ्या रीडरची आहे, कारण हंगाम वाया जातो तो बहुतेक वेळा तिथेच.

सगळ्यात महत्त्वाचं आधी. कार्ड ज्या कॅमेऱ्यात राहणार आहे, त्याच कॅमेऱ्यात फॉरमॅट करायचं, म्हणजे मेनूतून सगळं पुसून नव्याने तयार करायचं. लॅपटॉपवर करायचं नाही, फोनवर करायचं नाही, शेजारच्या झाडावरच्या दुसऱ्या कंपनीच्या कॅमेऱ्यातही करायचं नाही. मागच्या हंगामात मी सगळी कार्डं घरी लॅपटॉपवर एकगठ्ठा फॉरमॅट करून नेली आणि ओढ्याकाठच्या जोडीतल्या एका कॅमेऱ्याने आपल्या कार्डावर एकही फोटो लिहिला नाही. जोडीतला एक कॅमेरा गेला म्हणजे अर्धं काम गेलं असं वाटतं, पण नुकसान त्याहून मोठं असतं. बिबट्याच्या डाव्या आणि उजव्या कुशीवरचे ठिपके वेगळे असतात. म्हणून तर पायवाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर कॅमेरे लावतो. एका ठिकाणी डावी कूस मिळाली आणि दुसऱ्या ठिकाणी उजवी, तर तो एकच प्राणी की दोन, हे कुणीही सांगू शकत नाही.

आता कार्ड घेण्यापासून सुरुवात. कॅमेऱ्याच्या माहितीपत्रकात जास्तीत जास्त किती जीबीचं कार्ड चालतं ते लिहिलेलं असतं, ते वाचा. आपल्याकडे वापरात असलेले बरेच कॅमेरे ३२ जीबीपर्यंतच चालतात. त्यामागे कारण आहे. ४ ते ३२ जीबीची कार्डं एसडीएचसी प्रकारची असतात आणि त्यांवर फाइली ठेवायची फॅट-३२ ही मांडणी असते. ६४ जीबीपासून पुढे एसडीएक्ससी, त्यांवर एक्सफॅट. जुन्या किंवा स्वस्त कॅमेऱ्याला एक्सफॅट वाचताच येत नाही. मग तो कधी ‘कार्ड एरर’ दाखवतो आणि कधी काहीच दाखवत नाही. मोठं कार्ड स्वस्त पडतं म्हणून ते घेऊ नका. वेगाच्या बाबतीत क्लास १० पुरेसं आहे. त्याचा अर्थ सेकंदाला निदान १० एमबी लिहिण्याची हमी. त्याहून महागड्या, चार के व्हिडिओसाठीच्या कार्डांवर पैसे घालून साध्या कॅमेऱ्यात फायदा होत नाही.

नकली कार्डांचं मात्र मनावर घ्या. बाहेर ३२ लिहिलेलं आणि आत ४ किंवा ८ जीबीच असलेलं कार्ड बाजारात सर्रास मिळतं. ते लॅपटॉपला ३२च दाखवतं. खरी जागा भरली की पुढचे फोटो हरवतात किंवा आधीच्या फोटोंवर लिहिले जातात आणि घरी आल्यावर फाइलींची नावं दिसतात पण उघडत काहीच नाही. विंडोजवर ‘एच-टू-टेस्ट-डब्ल्यू’, लिनक्स आणि मॅकवर ‘एफ-थ्री’ ही फुकट साधनं आहेत. ती पूर्ण कार्ड भरून पुन्हा वाचून बघतात. वेळ लागतो, रात्रभर लावून ठेवा. नवीन घेतलेलं प्रत्येक कार्ड, ओळखीच्या दुकानातून आणलेलं असलं तरी. चाचणी झाली की त्या साधनाने भरलेल्या फाइली कार्डावर तशाच असतात, म्हणजे कार्ड काठोकाठ भरलेलं असतं. ते रिकामं कुठे करायचं? कॅमेऱ्यात. फॉरमॅट करून.

मायक्रो कार्ड अडॅप्टरमध्ये घालून वापरायची सवय सोडा. अडॅप्टर म्हणजे आणखी एक सांधा, आणि दमट हवेत तोच आधी दगा देतो. कॅमेऱ्याची खाच पूर्ण आकाराच्या एसडी कार्डाची असेल तर तेच कार्ड घ्या. जुन्या फोनमधलं मायक्रो कार्ड तर अजिबात आणू नका. काही फोन कार्डाला फोनच्याच साठवणीचा भाग करून घेतात आणि ते सांकेतिक लिपीत बंद करतात. दुसरीकडे ते वाचलं जात नाही.

कार्डाच्या डाव्या कडेला लॉकची बारीक पट्टी असते. ती पितळी पट्ट्यांच्या बाजूला, म्हणजे वर असली पाहिजे. खाली सरकली की कार्ड लॉक. ती कार्डाच्या आतल्या कशालाही जोडलेली नसते, कॅमेरा किंवा रीडर तिची जागा फक्त चाचपतो. जुन्या कार्डाची पट्टी सैल होते आणि आत घालतानाच खाली सरकते. तशा कार्डाच्या त्या खाचेवर चिकटपट्टीचा छोटा तुकडा लावला की काम होतं, पण खरं तर ते कार्ड बदला.

प्रत्येक कॅमेऱ्याला दोन कार्डं. एक आत, एक बदलीचं. दोन्हींवर पक्क्या शाईच्या पेनने कॅमेऱ्याचा नंबर आणि ‘अ’ किंवा ‘ब’. हे नंबर वहीत. एका कॅमेऱ्याचं कार्ड दुसऱ्यात गेलं की दोन गोष्टी बिघडतात. एक तर कुठला फोटो कुठल्या पाणवठ्याचा हे कळत नाही. दुसरं, दोन कंपन्यांचे कॅमेरे आपापले फोल्डर वेगळ्या नावांनी करतात आणि दुसऱ्याच्या फोल्डरपाशी काही कॅमेरे अडतात. म्हणून नंबर जुळवून ठेवायचे आणि तरीही, कार्ड त्याच कॅमेऱ्याचं असलं तरीही, घालताना तिथेच फॉरमॅट करायचं.

इथे कुणीतरी म्हणेल की लॅपटॉपवरून फोटो डिलीट केले, कार्ड रिकामं आहे, मग फॉरमॅट कशाला? रिकामं नसतं. मॅकवर डिलीट केलेले फोटो कार्डावरच्याच एका लपलेल्या कचरापेटीत राहतात आणि जागा अडवतात. विंडोज आपलं एक फोल्डर करून ठेवतं, अँड्रॉइड फोन आपलं. माणसाला ते दिसत नाही किंवा त्रास होत नाही, पण कॅमेऱ्याच्या आतला साधा प्रोग्रॅम अशा गोष्टींना अडखळू शकतो. त्यात लॅपटॉपने फॅट-३२च्या जागी एक्सफॅट निवडलं असेल तर संपलंच. कॅमेऱ्याला काय वाचता येतं हे कॅमेऱ्याला माहीत असतं, म्हणून ते काम त्याच्याकडे द्यायचं. मेनूत दोन बटणं दाबायची असतात.

सेलचा संबंध इथे येतो, म्हणून दोन शब्द. कमी पडलेल्या सेलवर कॅमेरा सुरू होतो, दिवसा फोटोही काढतो, पण रात्री इन्फ्रारेड दिव्यांना एकदम जास्त वीज लागते आणि लिहितालिहिताच तो बंद पडतो. मग कार्डावर शून्य बाइटच्या फाइली राहतात, कधी सगळी मांडणीच बिघडते. आणि आपण दोष कार्डाला देतो. सगळे सेल एकाच जातीचे, एकाच वेळी घेतलेले, नवे. जुने-नवे मिसळले की झालंच. चार्ज होणारे साधे सेल १.२ व्होल्टचे असतात, अल्कलाइन १.५चे. कॅमेऱ्याला कुठले चालतात ते माहितीपत्रकात बघा.

सेटिंग घरीच करा. तारीख-वेळ. लूप रेकॉर्डिंग बंद, नाहीतर कार्ड भरल्यावर जुने फोटो पुसले जातात. मेगापिक्सेलचा आकडा कमी ठेवा. खोक्यावरचा मोठा आकडा बहुतेकदा फुगवलेला असतो, सेन्सर तेवढा नसतो. त्या आकड्याने फाइल मोठी होते, बिबट्या जास्त स्पष्ट दिसत नाही. ५ एमबीचा एक फोटो धरला तर ३२ जीबीत सुमारे ६ हजार फोटो बसतात. ते पुष्कळ वाटतात. पण कॅमेऱ्यासमोरचं गवत कापलं नाही, तर उन्हात हलणाऱ्या गवतानेच कार्ड भरतं. २०१८च्या देशव्यापी व्याघ्रगणनेत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लावले होते. ३ कोटी ४८ लाखांवर फोटो मिळाले, त्यांत वाघांचे ७६,६५१ आणि बिबट्यांचे ५१,७७७. उरलेल्या ढिगात इतर प्राणी, माणसं, गुरं आणि पुष्कळसं गवत असतं. कोयता कार्डासाठीसुद्धा न्यायचा असतो.

आता झाडापाशी. कॅमेरा बंद. कार्ड घाला, टक आवाज येईपर्यंत. कॅमेरा सेटअपवर, म्हणजे मेनू उघडतो त्या स्थितीत. मेनू. फॉरमॅट. हो, इथे, उन्हात, डास चावत असताना. घरी सगळे कॅमेरे टेबलावर मांडून केलं असेल तरी इथे पुन्हा एकदा करा. आत कामाचं काही नाही याची खात्री असेल तरच, पण त्याबद्दल पुढे. स्क्रीनवर ‘शून्य फोटो झाले, इतके शिल्लक’ असा आकडा दिसला पाहिजे. शिल्लकचा आकडा कार्डाच्या मानाने फारच कमी असेल तर कार्ड बदला. मग कॅमेरा चालू करून समोरून चाला, हातात कागदावर ठिकाणाचं नाव आणि फोनचं घड्याळ दिसेल असं धरून. पुन्हा सेटअपवर आणून तो फोटो उघडून बघा. लाल दिवा लुकलुकला म्हणजे फोटो साठला असं नाही. सेन्सरने हालचाल पकडली एवढंच त्यातून कळतं. फोटो डोळ्यांनी बघायचा. कॅमेऱ्याला स्क्रीन नसेल तर कार्ड काढून फोनला जोडलेल्या रीडरमध्ये बघा, फक्त बघा, काही डिलीट करू नका, आणि फोनने ‘फॉरमॅट करू का’ विचारलं तर नाही म्हणा. फॉरमॅट कुठे करायचं ते सांगून झालं आहे.

कार्ड बदलायला जाल तेव्हा आधी कॅमेरा बंद, मग कार्ड बाहेर. चालू कॅमेऱ्यातून ओढलेलं कार्ड नेमकं लिहिण्याच्या क्षणी निघालं तर आतली यादी अर्धवट राहते. भरलेली कार्डं एका डबीत, रिकामी दुसऱ्या डबीत, खिशात सुटी नकोत. हात पुसून. दव पडलं असेल तर कॅमेऱ्याचं दार उघडण्याआधी कॅमेराही पुसा.

परत आल्यावर रीडर. दोन रीडर ठेवा, वेगवेगळ्या कंपन्यांचे. फार जुना रीडर मोठं कार्ड ओळखत नाही, आणि स्वस्त रीडरच्या आतल्या तारा वाकतात. कार्ड दिसलं नाही तर घाबरण्याआधी क्रमाने हे करा: दुसरं यूएसबी पोर्ट, हब काढून थेट लॅपटॉपला, मग दुसरा रीडर, मग दुसरा लॅपटॉप. पितळी पट्ट्यांवर डाग असेल तर कापसाच्या काडीला थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसा आणि वाळू द्या. तरी नाही दिसलं तर कार्ड परत त्याच कॅमेऱ्यात घालून कॅमेराच केबलने लॅपटॉपला जोडा. कॅमेऱ्यासोबत खोक्यात आलेली ती केबल याचसाठी असते, ती पिशवीत ठेवा. रीडरला न दिसणारं कार्ड पुष्कळदा कॅमेऱ्यातून वाचलं जातं. फोनवर बघत असाल तर काही फोनमध्ये ओटीजी (रीडरसारखी बाहेरची वस्तू फोनला जोडायची सोय) सेटिंगमधून चालू करावं लागतं आणि थोड्या वेळाने ते आपोआप बंद होतं. तो बिघाड नाही.

लॅपटॉप म्हणाला, ‘वापरण्याआधी फॉरमॅट करावं लागेल’, तर रद्द करा. ‘दुरुस्त करू का’ म्हणाला तरी आधी नाही. आधी कार्ड लॉक करा, मग ‘फोटोरेक’ने फोटो लॅपटॉपवर काढून घ्या, कार्डावर परत नको. तो फुकट मिळतो. पुस्तकाची अनुक्रमणिका फाटली तरी पानं आत असतात, तसे मांडणी बिघडली तरी फोटो बऱ्याचदा कार्डावर असतात, जोवर वर नवीन काही लिहिलं जात नाही. फाइलींची मूळ नावं जातात. फोटोच्या आतली तारीख-वेळ राहते.

कॉपी करा, कट-पेस्ट नको. प्रत्येक कार्डासाठी वेगळं फोल्डर, नावात ठिकाण, कॅमेरा, तारीख. बरेच कॅमेरे तीच नावं १ पासून देतात, एकाच फोल्डरमध्ये ओतलेत तर एकाचे फोटो दुसऱ्यावर जातील. फाइलींची संख्या आणि एकूण आकार जुळवा. दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर. दोन प्रती उघडून बघितल्याशिवाय कार्ड ‘रिकाम्या’ डबीत जाणार नाही, कारण त्या डबीतलं कार्ड झाडापाशी न बघता फॉरमॅट होणार आहे. माणसांचे फोटो, विशेषतः सरपणाला येणाऱ्या बायकांचे, कुणालाही पाठवू नका. ठिकाण कळेल असे बिबट्याचेही नाही.

एकदा एरर दिलेल्या कार्डावर काट मारा, पुन्हा वापरू नका. हंगाम संपला की कॅमेऱ्यातले सेल बाहेर, कार्डं बाहेर, सिलिका जेलच्या पुड्या घालून घट्ट झाकणाच्या डब्यात, आणि कुठल्या कॅमेऱ्याचं कुठलं कार्ड बाद झालं ते वहीत लिहून ठेवा, म्हणजे पुढच्या खेपेला तेवढीच विकत आणता येतील.