कोकणातल्या रस्त्यांवर वाहन चालवताना या चुका टाळा

वाहतुकीच्या नियमांविषयी आपल्याकडे जे गैरसमज आहेत, त्यांतील बहुतेकांचे मूळ एकाच समजुतीत सापडते. नियम पोलिसांसाठी पाळायचे आणि पोलीस उभे राहतात महामार्गाच्या नाक्यावर, त्यामुळे गावातल्या रस्त्याला नियम नाही, अशी ती समजूत. मोटार वाहन अधिनियम, 1988 मात्र ज्या रस्त्यावर किंवा वाटेवर लोकांना जाण्या-येण्याचा हक्क आहे, ती प्रत्येक जागा सार्वजनिक मानतो, मग ती वाट पुढे कुठे निघत असो वा शेवटच्या घराशी संपत असो. वाडीत जाणारा तांबड्या मातीचा रस्ताही त्यात आला. लायसन्स, विमा आणि हेल्मेट यांची सक्ती तिथेही तेवढीच असते. शिवाय दंडाची पावती हा या विषयाचा फार लहान भाग आहे. नियम मोडल्याचा खरा हिशेब अपघातानंतर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात होतो, आणि तिथे नाक्यावर पोलीस होता की नव्हता, हे कोणी विचारत नाही.

या समजुतीचे सर्वांत महाग पडणारे रूप म्हणजे शाळकरी मुलांच्या हाती दिलेली स्कूटर. सोळा वर्षे पूर्ण झाली की बिनगियरची गाडी चालते, असे पालक ठामपणे सांगतात. कायद्यातील सवलत 50 सीसीपर्यंतच्या दुचाकीपुरती आहे आणि तिलाही लायसन्स लागते. आज घरोघरी दिसणाऱ्या बिनगियरच्या स्कूटर 110 किंवा 125 सीसीच्या असतात, त्यामुळे त्यांच्यासाठी अठरा वर्षे पूर्ण हवीत. विजेवर चालणाऱ्या गाड्यांतही ज्यांचा वेग ताशी 25 किलोमीटरच्या आत आणि मोटर 250 वॉटच्या आत आहे, त्यांनाच लायसन्स आणि नोंदणीतून सूट मिळते, तेव्हा विक्रेत्याच्या शब्दावर विसंबून न राहता गाडीच्या कागदावरील आकडे वाचावेत. 2019 च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने वाहन चालवताना गुन्हा केल्यास पालक किंवा वाहनमालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद, 25 हजार रुपये दंड, वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द आणि त्या मुलाला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन्स नाही, असा हा सारा प्रकार आहे. त्यात कोणी जखमी झाले, तर विमा कंपनी भरपाई देऊन ती रक्कम मालकाकडून वसूल करू शकते. दळण आणायला किंवा बंदरावरून मासळी आणायला मुलाला गाडी देताना हा व्यवहार डोळ्यांपुढे असावा.

विम्याविषयीचा दुसरा गैरसमज सणासुदीला दिसतो. गणपतीला किंवा शिमग्याला, लग्नाच्या वऱ्हाडाला किंवा भजनी मंडळाला टेम्पोच्या हौद्यात बसवून नेले जाते आणि गाडीचा विमा आहे म्हणजे सगळ्यांचा विमा आहे, असे गृहीत धरले जाते. मालवाहू वाहनात फुकट किंवा पैसे देऊन बसलेल्या प्रवाशांची भरपाई विमा कंपनीवर बंधनकारक नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने पूर्वीच स्पष्ट केले आहे. मालाबरोबर जाणारा मालाचा मालक किंवा त्याचा प्रतिनिधी यांची गोष्ट वेगळी. मुंबईहून गावी येताना ओळखीतल्या पांढऱ्या पाटीच्या खाजगी गाडीला भाडे देऊन येणाऱ्यांचीही स्थिती फारशी बरी नाही, कारण भाडोत्री वापर हा खाजगी विम्याच्या अटींचा भंग आहे आणि परवान्याशिवाय प्रवासी वाहतूक हा वेगळा गुन्हा आहे. गाडीत बसण्यापूर्वी पाटी पिवळी आहे का, एवढे पाहण्यास वेळ लागत नाही.

घाटातील चुका अधिक गुंतागुंतीच्या आहेत, कारण तिथे कायदा एक सांगतो आणि ड्रायव्हरमंडळींचा रिवाज दुसरेच काही सांगतो. अरुंद चढावर दोन वाहने समोरासमोर आली, तर उतरणाऱ्याने बाजूला थांबून चढणाऱ्याला आधी वाट द्यायची असते. आंबा, कुंभार्ली, करूळ किंवा अनुस्कुरा यांपैकी कोणताही घाट घेतला, तरी उतरणारी मोठी गाडी लहान गाडीला मागे रेटताना दिसते. चढावर भरलेली गाडी एकदा थांबली की पुन्हा उचलताना ती मागे सरकण्याचा धोका असतो, तर उतरणाऱ्याला थांबणे तुलनेने सोपे असते, हे नियमामागचे कारण आहे. उतारावर इंधन वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रलला टाकणे हा त्याहून घातक प्रकार होय. गियर सुटला की इंजिनाचा रोध जातो आणि सगळा भार ब्रेकवर येतो. ब्रेक सतत दाबून तापले की पकड सोडतात, आणि इंजिनच बंद केले असेल, तर ब्रेक व स्टिअरिंग यांना मिळणारी मदतही थांबते. ज्या गियरवर घाट चढता, साधारण त्याच गियरवर उतरावे, ही जुन्या चालकांची शिकवण आजही तितकीच बरोबर आहे. ब्रेकचा जळका वास येऊ लागल्यास किंवा पेडल मऊ लागल्यास गियर कमी करून, सुरक्षित रुंद जागा पाहून थांबावे, ब्रेक आपोआप निवू द्यावेत आणि तापलेल्या चाकांवर पाणी ओतू नये.

इशाऱ्यांच्या भाषेत तर दोन वेगवेगळ्या भाषा चालू असतात. पुढचा ट्रक उजवा इंडिकेटर देतो, तेव्हा काही चालक तो 'समोरून गाडी येत आहे, थांबा' असा वाचतात, काही 'या पुढे' असा वाचतात, आणि ट्रकवाल्याला मात्र खरोखरच उजवीकडच्या वाडीत वळायचे असू शकते. कायद्याच्या दृष्टीने उजव्या इंडिकेटरचा अर्थ उजवीकडे वळणे किंवा सरकणे एवढाच आहे, आणि पुढच्याने खूण केली म्हणून ओव्हरटेक केल्यास जबाबदारी ओव्हरटेक करणाऱ्याचीच राहते. वळणावर, चढाच्या माथ्यावर आणि पुढचा रस्ता दिसत नसेल तिथे ओव्हरटेक करूच नये. समोरून अप्पर-डिपर झाले की 'तुम्ही आधी या' असा त्याचा अर्थ लावणारेही आहेत. आपल्याकडे तो बहुधा 'मी थांबणार नाही' असा असतो. असा इशारा दिसल्यास समोरची गाडी प्रत्यक्ष मंदावते का, हे पाहूनच पुढे व्हावे. चारही इंडिकेटर लावून धुक्यातून किंवा पावसातून गाडी हाकण्याची सवय पर्यटकांबरोबर आंबोली घाटात चांगलीच रुजली आहे. चारही दिवे लुकलुकत असताना वळण्याचा इशारा देता येत नाही आणि गाडी उभी आहे की चालू, हे मागच्याला कळत नाही. बंद पडून थांबलेल्या गाडीसाठी ते दिवे आहेत. धुक्यात हेडलाइट खाली झुकवलेला ठेवावा, कारण अप्पर प्रकाश धुक्यावर आपटून आपल्याच डोळ्यांवर येतो.

राष्ट्रीय महामार्ग 66 जिथे चौपदरी झाला, तिथे नवी चूक आली. दुभाजकातील कट दूर पडतो, म्हणून कडेकडेने उलट दिशेने जाणे अनेकांना निरुपद्रवी वाटते. 2019 च्या दुरुस्तीत असे उलटे जाणे 'धोकादायक वाहन चालवणे' या कलमात स्पष्टपणे घातले आहे आणि पहिल्याच गुन्ह्याला कैद होऊ शकते. रात्री डाव्या कडेने समोरून येणारी दुचाकी भरधाव चालकाला अखेरच्या क्षणी दिसते, हे सांगायलाच हवे.

पावसाळ्यात मोरीवरून किंवा कमी उंचीच्या पुलावरून पाणी जात असताना एसटी गेली म्हणून कार नेऊ नये. फूटभर वाहते पाणीही लहान गाडीला तरंगवू शकते, आणि पाण्याखाली रस्ता शाबूत आहे की खचला, हे वरून कळत नाही. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरील ब्रिटिशकालीन पूल कोसळला, तेव्हा अंधारात पुढे रस्ताच उरलेला नाही, हे न कळल्याने एसटीच्या दोन बसगाड्या नदीत गेल्या. पाण्यात गाडी बंद पडलीच, तर पुन्हा चावी फिरवू नये. इंजिनात शिरलेले पाणी दाबले जात नाही आणि आतले भाग वाकतात. असे नुकसान साध्या विमा पॉलिसीत बहुधा धरत नाहीत. मृगाच्या पहिल्या सरींत रस्त्यावरचे तेल आणि तांबडा चिखल मिळून जो निसरडा थर होतो, त्यावर दुचाकीने पुढचा ब्रेक एकदम दाबणे टाळावे.

हेल्मेट मागे बसणाऱ्यालाही, चार वर्षांवरील मुलालाही लागते. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलासाठी हेल्मेट, मुलाला चालकाशी बांधणारा पट्टा आणि ताशी 40 किलोमीटरची मर्यादा आहे. कारच्या मागच्या सीटवरचा पट्टाही सक्तीचाच आहे. मोबाईलच्या गॅलरीतील लायसन्सचा फोटो ग्राह्य नाही, मात्र डिजिलॉकर किंवा एमपरिवाहन या सरकारी अ‍ॅपमधील प्रत मूळ कागदाइतकीच चालते. घाटात रेंज नसते, तेव्हा ती आधीच उघडून पाहावी. मद्याची मर्यादा 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅम आहे, आणि गोव्याहून परतताना चहा पिऊन किंवा तोंड धुऊन ती खाली येत नाही.

अपघात झाल्यावरची चूक सर्वांत जुनी आहे. जखमीला उचलले तर साक्षीच्या फेऱ्यात अडकू, ही भीती आता निराधार आहे. अधिनियमातील कलम 134 अ नुसार मदत करणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही आणि त्याला नाव-पत्ता सांगण्याची सक्ती करता येत नाही. 108 क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. चालकाची गोष्ट निराळी आहे. जमावाच्या रोषासारखे कारण नसल्यास त्याने जखमीला वैद्यकीय मदत मिळवून द्यायची असते, जवळ पोलीस नसेल तर शक्य तितक्या लवकर आणि कोणत्याही परिस्थितीत चोवीस तासांच्या आत पोलीस ठाण्यात खबर द्यायची असते, आणि विमा कंपनीलाही लेखी कळवायचे असते. गावकीत बसून पाच-दहा हजारांवर प्रकरण मिटवले, तरी ही कर्तव्ये मिटत नाहीत. पुढे जखमीचे दुखणे वाढले आणि त्याने दावा लावला, तर वेळेत खबर न दिलेल्या मालकालाच आधी उत्तर द्यावे लागते.