बोर्ड नंबरचा कॉल भलत्याच व्हॉइसमेलमध्ये जातो? या चुका टाळा

नागपूरच्या इतवारीतली होलसेल पेढी असो, सीताबर्डीवरचं सीएचं ऑफिस असो की बुटीबोरी एमआयडीसीतला कारखाना, बोर्ड नंबरबद्दल, म्हणजे ऑफिसच्या मुख्य नंबरबद्दल, तक्रार एकाच छापाची असते: "गिऱ्हाईक म्हणते मेसेज ठेवला, आमच्याकडे तर आलाच नाही." मेसेज बहुतेक वेळा आलेला असतो. फक्त तो रजेवर गेलेल्याच्या व्हॉइसमेल बॉक्समध्ये नाहीतर कधीच नोकरी सोडून गेलेल्याच्या ईमेलवर पडून असतो. त्यासाठी नवीन ईपीएबीएक्स, म्हणजे ऑफिसचं आतलं टेलिफोन एक्स्चेंज, घ्यायची गरज नसते. न उचललेल्या कॉलचं काय करायचं हे एक्स्टेंशनवर (टेबलावरच्या फोनच्या आतल्या नंबरवर) एक, ग्रुपवर (एकाच कॉलला एकदम वाजणाऱ्या फोनच्या गटावर) दुसरं आणि मोबाइलवर तिसरंच लिहिलेलं असतं. ज्याचा टाइमर आधी संपतो, त्याचं चालतं.

ग्रुपमधला एकच जण सगळे कॉल गिळतो

सगळ्यात जास्त सापडणारी चूक हीच. समजा अकाउंट्सचा रिंग ग्रुप आहे: 301, 302, 303. वाजायची मुदत 25 सेकंद. 302 वरच्या ताई लग्नाला अमरावतीला गेल्या आणि जाताना 'सगळे कॉल थेट व्हॉइसमेलला' करून गेल्या. आता ग्रुपची घंटी वाजली रे वाजली की 302 चा व्हॉइसमेल कॉल घेतो. सिस्टिमच्या लेखी कॉल उचलला गेला, म्हणून 301 आणि 303 एकदा किणकिणून गप्प बसतात. तिथे बसलेल्यांना वाटतं, लोकं मिस्ड कॉल देऊन राहिले. अर्धी रिंग आणि मग शांतता, ही याची खूण.

ग्रुपच्या सेटिंगमध्ये सदस्यांचं वैयक्तिक कॉल फॉरवर्ड न मानण्याचा पर्याय बघा. फ्रीपीबीएक्स या ऑफिस एक्स्चेंजच्या सॉफ्टवेअरमध्ये तो रिंग ग्रुपच्याच पानावर आहे. तो चालू करा आणि कोणी न उचलल्यास कॉल अकाउंट्सच्या सामायिक बॉक्समध्ये जाईल असं लावा. असा पर्याय नसेल तर रजेवर जाणाऱ्याला आधी ग्रुपमधून काढा आणि बाकीच्यांचा वैयक्तिक टाइमर ग्रुपपेक्षा मोठा ठेवा. ग्रुप 25 सेकंद तर एक्स्टेंशन 35.

माझं मत विचाराल तर बोर्ड नंबरवरून येणाऱ्या कॉलला माणसाच्या नावाचा बॉक्स देऊच नये, कामाच्या नावाचा द्यावा. काटोलहून फोन करणाऱ्याला बिलाबद्दल विचारायचं असतं, 302 वर कोण बसतं याच्याशी त्याला काही घेणंदेणं नसतं.

रिंग मोजू नका, सेकंद मोजा

'5 रिंगनंतर व्हॉइसमेल' असं मॅन्युअलमध्ये वाचून तसंच लावलं जातं. अमेरिकन घंटीचं एक आवर्तन 6 सेकंदांचं, आपल्याकडची 'ट्रिंग-ट्रिंग' आणि मधली शांतता मिळून 3 सेकंदांची. तिकडचं अर्धं मिनिट इथे 15 सेकंदांत संपतं आणि टेबलापर्यंत पोचायच्या आत कॉल बॉक्समध्ये जातो.

उलटी गडबडही होते. 2019 मध्ये दूरसंचार नियामक ट्रायने न उचललेल्या कॉलची घंटी लँडलाइनवर 60 आणि मोबाइलवर 30 सेकंद ठरवली. रिसेप्शन 30, मग ग्रुप 25, मग मॅनेजर 20 अशी साखळी लावली तर बेरीज 75 होते. व्हॉइसमेलची पाळी यायच्या आतच बाहेरचं एक्स्चेंज कॉल तोडतं. सुरुवातीलाच 'नमस्कार' म्हणणारं स्वागत रेकॉर्डिंग कॉल घेत असेल तर ही मर्यादा आड येत नाही, कारण नेटवर्कच्या दृष्टीने कॉल उचलला गेलेला असतो.

साहेबांच्या मोबाइलवर फॉरवर्ड

इथे दोन भानगडी आहेत. पहिली जुन्या अ‍ॅनालॉग लाइनची. पलीकडे फोन उचलल्याची खूण एक्स्चेंजकडून येत नसेल तर ईपीएबीएक्स काही सेकंदांनी 'उचलला' असं गृहीत धरतं. मग मोबाइल बंद असल्याची सूचना ऐकत गिऱ्हाईक तिथेच अडकतं, ऑफिसच्या बॉक्सकडे परत येत नाही. फॉरवर्ड केलेल्या कॉलवर '1 दाबून स्वीकारा' ही खात्री लावता येत असेल तर नक्की लावा. 1 दाबलं नाही की कॉल परत येतो.

दुसरी भानगड खुद्द मोबाइलवर आधीच लावलेल्या फॉरवर्डची. *#61# डायल केलं की न उचललेला कॉल कुठे जातो ते दिसतं, ##002# ने सगळी फॉरवर्ड निघतात. *401# हा कोड डायल करून कॉल फॉरवर्ड करायची सोय मात्र दूरसंचार विभागाच्या आदेशाने 15 एप्रिल 2024 पासून बंद केली गेली, कारण फसवणूक करणारे लोकांकडून तोच कोड डायल करवून घेत. अनोळखी माणसाने सांगितलेला असला कोणताही कोड दाबू नका, मग तो टेलिफोन कंपनीतून बोलतो म्हणो की आणखी कुठून.

'एंगेज' आणि 'बंद' राहून जातं

न उचललेला कॉल बॉक्सकडे वळवला जातो, पण फोन व्यस्त असेल किंवा एक्स्टेंशनच बंद असेल तर काय, हे कोणी भरतच नाही. अ‍ॅस्टरिस्क या एक्स्चेंज सॉफ्टवेअरमध्ये NOANSWER (उचलला नाही), BUSY (व्यस्त), CHANUNAVAIL (एक्स्टेंशन बंद) असे वेगवेगळे निकाल येतात, प्रत्येकाला रस्ता लागतो. मे महिन्यात दुपारी लाइट गेली, सर्व्हर यूपीएसवर आणि फोन ज्याला जोडलेत तो नेटवर्क स्विच साध्या प्लगवर असला, की सगळी एक्स्टेंशन एकदम बंद दिसतात आणि कॉल सरळ कटतात.

201 चा कॉल 205 कडे वळवला आणि तिथेही कोणी उचलला नाही, तर मेसेज कोणाचा? सिस्कोची युनिटी कनेक्शन ही व्हॉइसमेल सिस्टिम मुळात पहिल्याचा, म्हणजे 201 चा धरतं. बदलता येतं, पण सहसा तेच बरोबर असतं. गिऱ्हाइकाला 'मेलबॉक्स नंबर टाका' ऐकू येत असेल तर कॉल मूळ कोणासाठी होता ही माहिती वाटेत गळते आहे. एसआयपीत (इंटरनेटवरून कॉल जोडायच्या पद्धतीत) डायव्हर्शन हेडर, म्हणजे कॉल कोणाकडून वळला ही नोंद, पुढे पाठवला जातो का, ते तपासा.

घड्याळही बघून घ्या. सर्व्हर यूटीसीवर, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक प्रमाणवेळेवर, राहिला तर सकाळी 10 चं ऑफिस त्याच्या मते दुपारी साडेतीनला उघडतं, तोवर सगळ्यांना रात्रीचा संदेश. सुट्ट्यांची यादी मुंबईच्या हेड ऑफिसने पाठवली असेल तर त्यात मारबतीचा दिवस नसतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इतवारीत मिरवणूक निघते, फोन कोण उचलणार?

तपासणी आतल्या फोनवरून करू नका, तो कॉल बाहेरच्या लाइनच्या रस्त्याने येतच नाही. मोबाइलवरून नागपूरचा 0712 लावून बोर्ड नंबर फिरवा. एकदा फोन न उचलता, एकदा रिसीव्हर काढून ठेवून, एकदा वायर उपटून. दर वेळी मेसेजमध्ये 'वायर काढलेली' असं काहीतरी वेगळं बोला, म्हणजे कोणता कॉल कुठे पोचला ते कळेल. तो मेसेज रोज कोण ऐकणार त्याचं नाव रिसेप्शनच्या यादीत लिहून ठेवा, आणि ते नाव नोकरी सोडेल त्या दिवशी बॉक्सचा ईमेल पत्ताही बदला.