वार्षिक अहवाल एकसारखा ठेवायचा, तर आधी ‘ऱ्या’ तपासा

पतसंस्थेत किंवा सहकारी बँकेत नवीन लागलात आणि तुमचं मराठी बरं आहे असं कळलं, की वार्षिक अहवाल तुमच्या टेबलावर येणारच. ३१ मार्चला वर्ष संपतं, सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची असते, आणि मजकूर मात्र लेखा, कर्ज, वसुली अशा प्रत्येक विभागातून वेगळ्या हातचा येतो. घाबरू नका, बरंचसं काम सवयीनं जमतं. एका ठिकाणी मात्र सावध राहा, कारण तिथं डोळ्यांना काहीच दिसत नाही.

आमच्याकडे ‘कर्मचारी’ऐवजी सगळीकडे ‘सेवक’ लिहायचं ठरलं होतं. वर्डमध्ये ‘कर्मचाऱ्यांचा’, ‘कर्मचाऱ्यांना’ एकेक शोधून बदललं. शेवटी एकही उरला नाही असं वर्डनं सांगितलं आणि फाइल छपाईला गेली. प्रूफ आलं, तर वसुली विभागाच्या पानांवर ‘कर्मचाऱ्यांचा’ जसाच्या तसा. अख्खी रात्र त्यात गेली, कारण का सापडत नाही हे सांगणारं कुणीच नव्हतं.

कारण असं. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणक अक्षरं साठवतो त्या पद्धतीत, ‘ऱ्या’ दोन प्रकारे टाइप होतो. इनस्क्रिप्ट या मराठी कीबोर्डवर शिफ्ट आणि जे दाबून येणारा वेगळा ऱ, मग हलन्त, मग य, हा एक प्रकार. दुसऱ्यात नेहमीचा र, हलन्त, त्यामागे झिरो विड्थ जॉइनर नावाचं न दिसणारं चिन्ह आणि मग य. काही फोनेटिक कीबोर्ड (उच्चाराप्रमाणे इंग्रजी अक्षरांतून टाइप करायचे) असाच लिहितात. पडद्यावर आणि कागदावर दोन्ही सारखे. संगणक मात्र दोन वेगळे शब्द मानतो, म्हणून एक शोधला तर दुसरा सापडत नाही. अधिकाऱ्यांचे, येणाऱ्या, दुसऱ्या, सगळीकडे हेच.

म्हणून सगळ्यांचा मजकूर एका फाइलमध्ये आणलात की वाचायला बसण्याआधी हे करा: प्रत्येक विभागाच्या मजकुरातला ‘ऱ्या’ तिथूनच कॉपी करून शोधाच्या चौकटीत पेस्ट करा आणि त्याजागी तुमचा ‘ऱ्या’ घाला. ‘ऱ्यां’, ‘ऱ्ह’ही बघा. नंतर शब्द शोधताना ‘कर्मचा’ एवढंच शोधा, म्हणजे पुढचा र कसाही टाइप केलेला असो, शब्द सापडतो. आणि शब्द बदलताना ‘सगळे बदला’ हे बटण दाबू नका. त्यानं ‘कर्मचारी भविष्य निर्वाह निधी संघटना’ या नावातसुद्धा ‘सेवक’ घुसतो.

‘मागच्या वर्षीची फाइल उघड आणि आकडे बदल’ असं सांगणाऱ्या वरिष्ठांचं या कामात ऐकू नका, असं माझं ठाम मत आहे. मागच्या चार वर्षांच्या चार तऱ्हा त्या फाइलमध्येच साठलेल्या असतात. त्यापेक्षा छापखान्यातल्या डीटीपीवाल्याशी ओळख वाढवा. फॉन्टचं त्यांना जेवढं कळतं तेवढं ऑफिसात कुणालाच कळत नाही. स्टाइलमध्ये फॉन्ट बदलूनही देवनागरी मजकूर का बदलत नाही, हे मला अशाच एकानं दाखवलं: वर्डमध्ये कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्सचा (देवनागरीसारख्या लिप्यांचा) फॉन्ट आणि आकार वेगळा निवडावा लागतो. सभेच्या स्लाइड्सचा फॉन्ट स्लाइड मास्टरमध्येच (सगळ्या स्लाइड्सच्या मूळ साच्यात) ठरवा, प्रत्येक स्लाइडवर हातानं नको.

शब्दांच्या बाबतीत शाळेतल्या निबंधाची सवय सोडा. तोच शब्द पुन्हा आला तर बिचकू नका. ‘येणे कर्ज’ म्हणजे सभासदांकडून अजून यायची असलेली सगळी रक्कम, ‘थकबाकी’ म्हणजे मुदत टळूनही न आलेली. वाक्य गोड व्हावं म्हणून एकाच्या जागी दुसरा टाकलात, तर सभेत कुणीतरी उभं राहून विचारेल आणि उत्तर अध्यक्षांना द्यावं लागेल. तक्त्यांतही तेच. एका तक्त्यात रक्कम लाखांत, पुढच्यात कोटींत असली तर ठेवी घटल्यासारख्या दिसतात.

ठरलेले शब्द, आकड्यांची पद्धत आणि पदनामं एका पानावर लिहा आणि त्यावर मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांची सही घ्या. नवीन माणसाचं विभागप्रमुख ऐकत नाहीत, सहीचं पान ऐकतात. पहिल्या वर्षी पान अपुरंच राहील, राहू द्या. नवा शब्द अडला की त्याच दिवशी पानावर चढवा आणि पान सगळ्या विभागांना पुन्हा पाठवा.