माळ्यावरचा गेम बॉय पुन्हा सुरू करताना

निन्टेन्डो या जपानी कंपनीचा मूळ गेम बॉय, म्हणजे हातात धरून व्हिडिओ गेम खेळायचे छोटे यंत्र, १९८९ साली बाजारात आला. गुनपेई योकोई यांच्या चमूने त्यात मुद्दामच रंगीत पडद्याऐवजी चार छटांचा साधा पडदा वापरला, म्हणून चार पेन्सिल सेलांवर तो कितीतरी तास चाले. याच साधेपणामुळे वर्षानुवर्षे पडून राहिलेले यंत्रही बहुधा घरच्या घरी सुरू करता येते.

प्रथम सेलचे झाकण उघडावे. सेल गळून आतल्या पत्र्यांवर पांढरी किंवा हिरवट पूड साचली असेल, तर पांढऱ्या व्हिनेगरमध्ये जेमतेम बुडवलेल्या कापसाच्या काडीने ती पुसावी, नंतर आयसोप्रोपिल अल्कोहोल फिरवून पत्रे पूर्ण वाळू द्यावेत. २००३ सालच्या ‘गेम बॉय अ‍ॅडव्हान्स एसपी’ या नंतरच्या मॉडेलमध्ये मात्र सेलांऐवजी चार्ज होणारी बॅटरी आहे. ती फुगलेली दिसल्यास चार्जर लावूच नये.

आता नवे सेल घालून, पण कार्ट्रिज (आमच्या पिढीची ‘कॅसेट’) न लावता बटण दाबावे. पडद्यावर एक काळी पट्टी वरून सरकत मध्यावर येऊन थांबली, तर यंत्र बहुतांशी शाबूत आहे असे समजावे. सुरू होताना गेम बॉय कार्ट्रिजमधले निन्टेन्डोचे नाव वाचून पडद्यावर उतरवतो, स्वतःजवळच्या नमुन्याशी ताडून पाहतो आणि जुळले नाही तर तिथेच अडतो. कार्ट्रिजच नसेल, तर नावाच्या जागी ही पट्टी उमटते. त्यामुळे कार्ट्रिज लावल्यावर अक्षरे तुटकी दिसली, तर यंत्र उघडण्याआधी कार्ट्रिजच्या सोनेरी संपर्कपट्ट्या अल्कोहोलने पुसाव्यात. काडी काळी होऊन येते, तेव्हा दोष कुठे होता ते कळते. फुंकर मात्र मारू नये. लहानपणी आपण सर्वांनी ती मारली, पण तोंडातल्या ओलाव्याने पट्ट्या गंजतात.

पडद्यावरच्या काही उभ्या रेषाच गायब असतील, तर पडद्याखालच्या फितीचा (चपट्या तारेचा) जोड सुटलेला असतो. तो सोल्डरिंगच्या गनने हलकेच शेकून बसवता येतो. हात बसलेला नसेल, तर हे काम जाणकाराकडे द्यावे.

‘पोकेमॉन रेड’सारख्या कार्ट्रिजमध्ये खेळाची नोंद एका बटण सेलवर टिकते. तो सेल काढताच नोंद पुसली जाते, म्हणून ती जपायची असल्यास आधी कार्ट्रिज-रीडरने संगणकावर उतरवून घ्यावी आणि मगच सोल्डर सोडवावे.